दाताला कॅप बसवताना काय काय होतं आणि तुम्ही कुठे बोलायचं

माझी पहिली कॅप खालच्या डाव्या दाढेवर बसली. डॉक्टरांनी दातांत निळ्या कागदाची पट्टी धरून चावायला लावलं, दोन-तीनदा मशीन फिरवलं आणि विचारलं, "आता बरं वाटतंय?" तोंड अर्धं बधिर, तासभर आ वासून जबडा अवघडलेला, बाहेर दोन पेशंट ताटकळलेले. मी मान डोलावली. घरी आल्यावर भूल उतरली तेव्हा कळलं, की तोंड मिटताना बाकीच्या दातांच्या आधी ती एकटी दाढच टेकतेय. "होईल सवय" म्हणत मी ९ दिवस काढले. तोवर समोरची वरची दाढही ठणकायला लागली होती. शेवटी परत गेलो, तर काम निघालं जेमतेम ५ मिनिटांचं.

त्यानंतर आणखी दोन कॅप बसल्या. माझं मत असं झालंय, की कॅप कोणत्या मटेरियलची घ्यायची यावर आपण उगाच फार खल करतो. तिचं आयुष्य बरंचसं तीन गोष्टींवर ठरतं: खाली दात किती उरलाय, कॅपची कड दाताला किती चपखल बसलीय आणि चावा नीट जुळतोय का. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरांच्या हातात. तिसरीची खरी खबर मात्र पेशंटलाच असते आणि नेमका तिथेच आपण भिडस्तपणे गप्प बसतो.

कॅप खरंच हवी आहे का

फिलिंग दाताच्या आत बसतं, उरलेल्या भिंतींच्या आधाराने. त्या भिंतीच पातळ झाल्या, की तेच फिलिंग पाचरीसारखं काम करू लागतं आणि एखाद्या दिवशी काहीतरी कडक चावताना दात उभा चिरतो. कॅप, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत क्राऊन, दाताला बाहेरून आवळते, लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवावी तशी. म्हणून रूट कॅनाल झालेली दाढ, अर्ध्याहून जास्त भाग फिलिंगचाच असलेला दात, तडा गेलेला दात, फार झिजलेला दात, अशा ठिकाणी कॅप सुचवतात. समोरच्या दाताचं रूट कॅनाल झालं म्हणून कॅप लागतेच असं नाही. त्याच्यावर चावण्याचा भार कमी असतो आणि दात बराचसा शाबूत असेल तर नुसतं फिलिंगही पुरतं.

हे आधी विचारून घ्यायचं कारण म्हणजे हा एकतर्फी रस्ता आहे. कॅपसाठी दात चारी बाजूंनी घासावा लागतो आणि घासलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं टणक कवच, परत येत नाही. जिवंत दाताला, म्हणजे ज्याचं रूट कॅनाल झालेलं नाही अशा दाताला, कॅप बसवली तर आणखी एक शक्यता असते. घासण्याचा ताण आतल्या नसेला सोसला नाही, तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ती मरते आणि मग त्याच कॅपला भोक पाडून रूट कॅनाल करावं लागतं. बहुतेकांच्या बाबतीत असं होत नाही, पण होऊ शकतं हे आधी माहीत असलं, की नंतर फसवल्यासारखं वाटत नाही. दाताचा काही भाग चांगला असेल तर "ऑनलेवर भागेल का?" असंही विचारा. ऑनले फक्त चावण्याचा पृष्ठभाग आणि पडलेला कोपरा झाकतो, त्यामुळे दात कमी घासला जातो.

खुर्चीत बसण्याआधी सांगायच्या गोष्टी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर सांगा, कारण भुलीच्या इंजेक्शनात बहुतेकदा अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं. गरोदर असाल तर एक्स-रे काढण्याआधी सांगा. खोट्या दागिन्यांनी कान किंवा मनगट खाजत असेल तर तेही सांगण्यासारखं आहे. ती बहुतेक निकेलची अ‍ॅलर्जी असते आणि काही स्वस्त धातूंच्या कॅपमध्ये निकेल असतं. झोपेत दात खायची सवय असेल तर लपवू नका. घरच्यांना विचारा, त्यांना जास्त माहीत असतं.

दात पांढरे करून घ्यायचे मनात असेल तर ते कॅपच्या आधी. कॅपचा रंग ब्लीचने बदलत नाही. ब्लीचनंतर रंग स्थिरावायला साधारण २ आठवडे द्यायचे आणि मग कॅपची शेड ठरवायची.

खर्चाचं बोलताना एकच आकडा ऐकून उठू नका. त्यात एक्स-रे, आतला बिल्डअप (कॅपखाली बांधतात तो गाभा), तात्पुरती कॅप आणि नंतर चावा जुळवून देणं धरलंय का आणि कॅप ठरावीक मुदतीत फुटली तर काय, हे तेव्हाच विचारून घ्या.

खाली काय उरलंय ते बघणं

किडलेला भाग आणि जुनं फिलिंग काढल्यावर दात किती उरतो ते खरं कळतं. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर डाग नाही ना, मुळाभोवतीचं हाड ठीक आहे ना, हेही बघतात. मग उरलेल्या दातावर काँपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, किंवा तत्सम मटेरियलचा गाभा बांधतात. यालाच बिल्डअप किंवा कोअर म्हणतात. फारच कमी दात उरला असेल तर मुळाच्या पोकळीत पोस्ट, म्हणजे बारीक खुंटी, बसवून त्याच्या आधाराने गाभा उभा करतात. पोस्टने दात मजबूत होतो असा अनेकांचा समज असतो. तसं नाही, पोस्ट फक्त गाभा धरून ठेवते.

इथे एक माप लक्षात ठेवा. कॅपच्या कडेच्या वर, सगळीकडून, साधारण २ मिलिमीटर उंचीची खऱ्या दाताची भिंत असावी. कॅप या पट्ट्याला धरून बसते. तो नसेल तर कॅप नुसत्या गाभ्यावर टेकते आणि गाभ्यासकट निघून येते. पट्टा कमी पडत असेल तर हिरडी आणि थोडं हाड कमी करून दात वर उघडा करता येतो. तेही शक्य नसेल, तर दात काढून पुढचा विचार करायचा सल्ला ऐकायला वाईट वाटला, तरी बरेचदा तोच प्रामाणिक असतो. "कॅपच्या कडेच्या वर माझा दात किती उरतोय?" एवढा प्रश्न विचारलात, तरी उत्तरावरून बरंच काही कळेल.

मटेरियल, थोडक्यात

पूर्ण धातूची कॅप सर्वांत कमी दात घासून बसते आणि सहसा फुटत नाही. दिसायला मात्र धातूच दिसते. न दिसणाऱ्या शेवटच्या दाढेसाठी मला तीच शहाणपणाची वाटते. आत धातू आणि वर सिरॅमिक असलेली कॅप खूप वर्षांपासून चालत आलीय. तिचा वरचा सिरॅमिकचा टवका उडू शकतो आणि हिरडी मागे सरकली तर कडेला करडी रेघ दिसते. झिरकोनिया, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकचाच एक प्रकार, फार टणक, दाढांसाठी चांगली. लिथियम डायसिलिकेट हे काचेच्या जातीचं सिरॅमिक, ज्याला बरेच जण त्याच्या ब्रँडच्या नावाने 'ई-मॅक्स' म्हणतात, प्रकाश आत झिरपू देतं. त्यामुळे समोरच्या दातांत ते खऱ्या दातासारखं दिसतं. ताकदीला मात्र ते झिरकोनियाच्या खाली.

झिरकोनिया तिच्यावर टेकणारा दुसऱ्या जबड्यातला दात झिजवते अशी भीती घालतात. गुळगुळीत पॉलिश केलेली झिरकोनिया तशी त्रासदायक नसते. घासून खरखरीत ठेवलेली मात्र कानशीसारखी चालते. म्हणून चावा जुळवताना घासली, तर परत पॉलिश झालीच पाहिजे.

पहिली बैठक

साधारण तास-दीड तास धरून जा. पोटात काहीतरी असू दे, कारण नंतर काही तास खाता येणार नाही.

सुरुवात शेड ठरवण्यापासून व्हायला हवी. घासताना तोंड उघडं राहून दात कोरडा पडतो, आणि कोरडा दात आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. नंतर जुळवलेला रंग म्हणूनच फसवतो. शेडची जी जुनी पट्टी सगळीकडे दिसते तिच्यात १६ नमुने असतात: ए गट तांबूस-तपकिरी झाकेचा, बी तांबूस-पिवळट, सी करडा, डी तांबूस-करडा. आकडा वाढत जातो तसा रंग गडद. समोरचा दात असेल तर लिपस्टिक लावून जाऊ नका, गडद कपडे टाळा आणि खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात आरसा मागा.

मग भूल. सुई टोचताना एक चमक, थोडा दाब. खालच्या जबड्याला दिली तर ओठ आणि जिभेची एक बाजू सुन्न होते आणि ती ३ ते ५ तासही तशीच राहू शकते. रूट कॅनाल झालेल्या दातालाही भूल देतात, कारण आजूबाजूच्या हिरडीला हात लागणार असतो.

घासण्याआधी डॉक्टरांशी एक खूण ठरवून घ्या: डावा हात वर केला की थांबायचं. तोंडात नळ्या असताना बोलता येत नाही आणि खूण ठरलेली असली की भीती निम्मी होते. त्यानंतर मशीनची उंच शीळ, तोंडात पाण्याचा फवारा, थरथर आणि जरासा जळका वास. दुखायला नको. दुखलंच, तर हात वर करा. आणखी भूल देता येते. चावण्याच्या बाजूने साधारण दीड ते २ मिलिमीटर आणि बाजूंनी १ ते दीड मिलिमीटर दात जातो. धातूच्या कॅपला त्याहून कमी. घासलेल्या दातावरून जीभ फिरवली की छोटा खुंटा उरल्यासारखा वाटतो. घाबरू नका, तो तसाच असायला हवा.

आता माप. त्याआधी हिरडी आणि दाताच्या फटीत वातीसारखा बारीक दोरा दाबून बसवतात. त्याने हिरडी क्षणभर बाजूला होते आणि दाताची कड उघडी पडते. हे किचकट काम आहे आणि डॉक्टर त्यावर वेळ घालवत असतील तर आनंद माना, कॅपची कड इथेच ठरते. मग कणकेसारख्या घट्ट आणि त्याहून पातळ अशा दोन प्रकारच्या सिलिकॉनने भरलेला साचा काही मिनिटं तोंडात धरतात. उमासे येत असतील तर हनुवटी खाली-पुढे ठेवा, नाकाने श्वास घ्या आणि पायाची बोटं हलवत राहा. लक्ष तिकडे गेलं की घसा शांत होतो. काही ठिकाणी साच्याऐवजी पेनासारख्या कॅमेऱ्याने स्कॅन करतात. उमाशांचा त्रास असणाऱ्यांसाठी हे वरदानच. जोडीला दुसऱ्या जबड्यातल्या दातांचं आणि चाव्याचंही माप घेतात.

स्कॅनवरून दवाखान्यातच मशीनने कॅप कोरून त्याच दिवशी बसवायचीही सोय असते. हे तंत्र वाटतं तितकं नवं नाही. या पद्धतीने पहिल्या पेशंटवर झुरिचला १९८५ साली काम झालं. एक फेरी वाचते, तात्पुरती कॅप लागत नाही. पण समोरच्या एकाच दाताचा रंग शेजारच्याशी हुबेहूब जुळवायचा असेल, तर मी अजूनही लॅबमधल्या हातालाच पसंती देईन.

मधले दिवस

लॅबमधून कॅप यायला साधारण १ ते २ आठवडे. तोवर प्लास्टिकची तात्पुरती कॅप, मुद्दामच कच्च्या सिमेंटने चिकटवलेली, कारण ती परत काढायची असते. त्या बाजूने चिकट, चिवट, कडक काही खाऊ नका. फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वर ओढला तर कॅपच हातात येते, म्हणून तो बाजूने सरकवून काढा. गार पाण्याने सणक येणं, हिरडी हुळहुळणं चालायचंच.

तात्पुरती कॅप निघाली तर "परवा जायचंच आहे" म्हणून तशीच ठेवू नका. उघडा दात शिवशिवतो हा एक भाग. मोठा भाग म्हणजे शेजारचे दात आणि हिरडी त्या मोकळ्या जागेत सरकतात आणि लॅबमधून आलेली कॅप मग बसत नाही. फोन करा. तोपर्यंत कॅप स्वच्छ करून, आत कवळी चिकटवायची क्रीम लावून ती परत बसवता येते. झोपताना सैल कॅप तोंडात नको. इन्स्टंट ग्लू तर कधीच नको.

दुसरी बैठक: इथे घाई करू नका

पहिल्या बैठकीत कष्ट डॉक्टरांचे असतात. दुसरीत तुमचंही काम आहे.

तात्पुरती कॅप काढून, सिमेंट साफ करून, नवी कॅप आधी काहीही न लावता नुसती बसवून बघतात. सोसवत असेल तर या वेळी भुलीशिवाय बसा. बधिर जबड्याला आपण नेमकं कुठे चावतोय ते कळत नाही. माझं पहिल्यांदा चुकलं ते तिथेच.

आधी शेजारच्या दातांमधून फ्लॉस घालून बघतात. तो जरा अडून टक्कन् आत जायला हवा. अलगद गेला तर फट आहे, तिथे रोज खाल्लेलं अडकणार. अजिबात जात नसेल किंवा त्याचे धागे सुटत असतील, तर कॅप जास्त घट्ट आहे. मग टोकदार हत्यार कॅपच्या कडेवरून फिरवून दात आणि कॅपमध्ये पायरी लागते का ते पाहतात. शंका असेल तर एक्स-रे काढतात. कड नीट नसेल तर परत माप घ्यावं लागतं आणि डॉक्टर स्वतःहून तसं म्हणाले तर त्यांच्यावर चिडू नका. असे डॉक्टर जपून ठेवावेत.

मग तो निळा कागद. चावलं की जिथे दात टेकतो तिथे डाग उमटतो, डॉक्टर तिथे घासतात, परत कागद. आडवं झोपून चावताना जबडा किंचित मागे सरकतो, म्हणून शेवटचा चावा खुर्ची सरळ करून, ताठ बसून बघायला सांगा. एकदा नुसतं टकटक करा. मग दात टेकवलेले ठेवून जबडा डावीकडे, उजवीकडे, पुढे सरकवा. तीन गोष्टींकडे लक्ष द्या: सगळे दात एकाच वेळी टेकतात का, दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येतो का, सरकवताना ती कॅप एकटी कुठे अडते का. दोन दातांमध्ये केस आला तरी तोंडाला कळतो. त्यामुळे तुम्हाला "काहीतरी आहे" असं वाटत असेल, तर ते असतंच. "अजून उंच लागतंय, मागच्या कोपऱ्यात" असं नेमकं सांगा. चौथ्यांदा सांगावं लागलं तरी सांगा.

रंग बघायचा तो आत्ताच, उजेडात. सिमेंट लागल्यावर बदल नाही. मग कॅप कापूनच काढावी लागते. मन घेत नसेल तर काही दिवस कच्च्या सिमेंटने लावून बघता येईल का, असं विचारा. सगळ्याच कॅपना ते चालत नाही, पण विचारण्यात काय जातं?

नंतर दात कोरडा करून, पक्कं सिमेंट लावून कॅप बसवतात आणि कापसाचा बोळा चावून धरायला सांगतात. काही सिमेंट निळ्या प्रकाशाने घट्ट होतात. बाहेर आलेलं सिमेंट कडेने आणि फटींतून पूर्ण निघायला हवं; हिरडीखाली राहिलेला कण पुढे सूज आणतो. उठण्याआधी कॅपचं मटेरियल आणि शेड लिहून घ्या. १० वर्षांनी शेजारच्या दाताला कॅप लागली, तर तो कागद कामी येतो.

घरी आल्यावर

भूल उतरेपर्यंत खाऊ नका, गाल चावला जातो. पहिला दिवस मऊ खा. शेजारच्या दातांत घट्ट बसल्यासारखं वाटणं आणि हिरडी दुखरी असणं काही दिवसांत जातं. जिवंत दात गार पाण्याने काही आठवडे शिवशिवू शकतो.

कोणतं दुखणं थांबून बघायचं आणि कोणतं नाही? गार लागल्यावर क्षणभर चमकून थांबतं, दिवसेंदिवस कमी होतं, ते बरं होण्याच्या वाटेवर आहे. चावतानाच दुखतं, तर बहुतेक चावा उंच आहे. भूल उतरल्यावर कॅप उंच वाटत असेल, तर जास्तीत जास्त २-३ दिवस बघा आणि जा. सवय होते ती दुखण्याची, चावा तसाच राहतो. काही कारण नसताना ठणका, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, गरम लागल्यावर बराच वेळ राहणारी कळ, हे नसेचं दुखणं आहे. वाट बघू नका. सोबत सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जात असेल, तर थेट हॉस्पिटल.

पुढची वर्षं

चांगली बसलेली कॅप सहज १० ते १५ वर्षं जाते, बऱ्याच त्याहून जास्त. कॅप किडत नाही, पण तिच्या कडेखालचा दात किडतो आणि रूट कॅनाल झालेला असेल तर दुखून सांगतही नाही. म्हणून ब्रश हिरडीच्या रेघेवर आणि रोज एकदा फ्लॉस. दात खायची सवय असेल तर रात्री नाइट गार्ड, म्हणजे दातांवर चढवायचं प्लास्टिकचं कवच. बर्फ फोडणं, पेन चावणं, बाटलीची बुचं उघडणं बंद. कडेला वास येऊ लागला, फ्लॉस नेहमी त्याच जागी फाटू लागला, तर तपासणीची तारीख अलीकडे आणा.

कधी कॅप निघाली, तर बेसिनचं भोक झाकून ती धुवा आणि डबीत ठेवा. गिळली गेली तर बहुतेकदा वाटेने निघून जाते, तरी डॉक्टरांना कळवा. खोकला सुटला किंवा दम लागला तर मात्र ती श्वासनलिकेत गेलेली असू शकते, लगेच हॉस्पिटल गाठा. सापडलेली कॅप उलटी धरून आत बघा. आत नुसतं वाळलेलं सिमेंट असेल आणि दात शाबूत असेल, तर बरेचदा तीच कॅप परत चिकटवता येते. आत दाताचा तुकडा किंवा सगळा गाभाच अडकून आला असेल, तर फोन करतानाच तसं सांगा, म्हणजे ते तुम्हाला १५ मिनिटांऐवजी तासाची वेळ देतील.